उन्हातला कोपरा

वरदनं त्याचा फोन माझ्या पाण्याच्या ग्लासाला टेकवून उभा केला आणि म्हणाला, “आमोद सर, हे बघा. लिटरली तिथे कुणीच नाही, आणि पास दिलाय!” कँटीनमध्ये जेवणाच्या वेळची गर्दी होती, माझ्या ताटात मटकीची उसळ गार होत चालली होती, आणि त्या वीतभर काचेत पुष्कर उभा होता. निळा गणवेश, छातीवर देशाचं नाव. बास्केटबॉलच्या सामन्याचे शेवटचे क्षण, आपला संघ एका गुणानं मागे. रिंगखाली आपला तो सात फुटी सेंटर दोन्ही हात वर करून मोकळा उभा, त्याच्या बाजूला आणखी एक जण मोकळा. आणि पुष्करनं काय केलं, तर मान उजवीकडे फिरवली, डोळे बारीक केले आणि चेंडू डावीकडच्या कोपऱ्यात भिरकावून दिला. कोपऱ्यात चिटपाखरूही नव्हतं. चेंडू रेषेबाहेर जाहिरातीच्या फळीवर आपटला, शिट्टी झाली, समोरचे लोक एकमेकांच्या अंगावर उड्या मारायला लागले. मग क्लिप पुन्हा सुरू झाली. या वेळी कुणीतरी त्या रिकाम्या कोपऱ्यात एक भूत चिकटवलं होतं. पांढरं, चादर पांघरलेलं भूत, आणि ते तो चेंडू झेलत होतं. टेबलावरचे सगळे हसले. मीही हसलो. हसता हसता माझा डावा पाय टेबलाखाली आपोआप पुढे सरकला, आणि मला कळलं की ते भूत म्हणजे मी आहे.

सामना मी आदल्या संध्याकाळी घरी पाहिला होता, पण शेवट नव्हता पाहिला. आपण हरणार हे दिसायला लागलं तसा मी टीव्ही बंद करून जेवायला बसलो. स्वराली, माझी बायको, पोळ्या करत होती. शेवटची पोळी वाढताना म्हणाली, “मित्र हरला की तुला भूक बरी लागते.” मी म्हटलं, संघ हरला, मित्र नाही. ती म्हणाली, “बरं, संघ.” आणि तूप पुढे सरकवलं. आमच्या घरात भांडणं होत नाहीत ती अशी. एक वाक्य येतं, ते दोन दिवस पोटात राहतं.

कँटीनमध्ये मग चर्चा सुरू झाली. हरल्यानंतरच्या चर्चेला या देशात परवाना लागत नाही. ज्यांनी जन्मात बास्केटबॉलला हात लावला नव्हता, अशी खराडीच्या त्या काचेच्या इमारतीतली चौदाव्या मजल्यावरची माणसं सांगत होती की आपण का हरलो. समोरचा देश एवढासा, आमच्यातल्या निम्म्या लोकांना तो नकाशात सापडला नसता. आपल्याकडे एकाहून एक खेळाडू. एक अमेरिकेतल्या कॉलेजात खेळून आलेला, दोघं आखाती देशांच्या लीगमध्ये गाजलेले, बाकीचे आपापल्या खात्याच्या संघाचे राजे. “टू मेनी स्टार्स यार, सगळा ईगो,” वरद म्हणाला. एवढं मात्र तो बरोबर बोलला, पण का बरोबर ते त्याला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. एका मांडवात बारा नवरदेव उभे केले आणि वऱ्हाडी एकही नाही, तर लग्न लागणार कसं? प्रत्येकाला आयुष्यभर चेंडू हातात मिळायची सवय. चेंडू नसताना धावायचं, मिळणार नाही हे माहीत असून धावायचं, समोरच्या संघाचा आपल्यावरचा रखवालदार आपल्यामागे ओढून न्यायचा आणि दुसऱ्याला वाट मोकळी करून द्यायची, हे काम कुणीतरी करत असतं. ते करणारा कधी पोस्टरवर येत नाही, म्हणून त्याला कुणी संघात घेत नाही, आणि मग लोक विचारतात की एवढे तारे असून अंधार कसा!

“इट्स सिंपल,” वरद म्हणाला. “हा पुष्कर त्या सेव्हन-फूटरवर जळतो. आता सगळी हवा त्याची आहे ना! म्हणून मुद्दाम नाही दिला बॉल. सगळ्या चॅनेलवर तेच चाललंय.” टेबलानं माना डोलावल्या. मी हातातला घास परत ताटात ठेवला. रागानं नव्हे. आनंदानंही नव्हे, किंवा नुसत्या आनंदानं नव्हे. पुष्कर आणि जळणं! मत्सर मला घरच्या माणसासारखा ठाऊक आहे. तो सकाळी माझ्याबरोबर उठतो, गाडीच्या मागच्या सीटवर बसून ऑफिसला येतो, संध्याकाळी परत येतो. त्याचा चेहरा मी कुठेही ओळखेन. पुष्करच्या त्या वळलेल्या मानेत, त्या बारीक केलेल्या डोळ्यांत तो नव्हता. तिथे दुसरंच काहीतरी होतं. तिथे ऊन होतं.

ऊन. परदेशातल्या त्या बंदिस्त, एसी लावलेल्या स्टेडियममध्ये, हजार दिव्यांखाली, पुष्करच्या डोळ्यांत विश्रांतवाडीचं संध्याकाळचं ऊन गेलं होतं. पुष्कर आणि मी ज्या क्रीडा मंडळात खेळलो, त्याचं कोर्ट पूर्व-पश्चिम आखलेलं आहे. कुणा शहाण्यानं आखलं कोण जाणे, बास्केटबॉलचं कोर्ट असं कधी आखत नाहीत. पश्चिमेला लष्कराची मोकळी जागा, त्यामुळे तिकडे एक झाडही आडवं नाही. दिवाळी सरली की सूर्य डावीकडे सरकतो आणि बरोबर सरावाच्या वेळी पश्चिमेच्या रिंगच्या डाव्या खांद्यावर येऊन बसतो. त्या दिशेनं चढाई करायची म्हणजे डोळ्यांत जाळ. बाकीची मुलं हात आडवा धरायची, शिव्या द्यायची. पुष्करनं त्यावर उपाय काढला होता, म्हणजे आम्ही दोघांनी मिळून काढला होता. तो चेंडू घेऊन यायचा, उन्हाला चुकवायला मान उजवीकडे करायचा, आणि न बघता चेंडू डाव्या कोपऱ्यात फेकायचा. मी तिथे असायचो. उन्हातून आलेला मी रखवालदारालाही दिसायचो नाही. चेंडू हातात यायचा, मी उडी मारायचो, जाळी हलायची. किती हिवाळे हे चाललं होतं! एकदाही असं झालं नाही की चेंडू आला आणि मी नव्हतो. श्रीधर सर, आमचे कोच, पश्चिमेच्या कट्ट्यावर सूर्याकडे पाठ करून बसत. त्यांना ऊन कधी लागलंच नाही, त्यामुळे त्यांना वाटे की पुष्करला पाठीला डोळे आहेत. तसं ते सगळ्यांना सांगतही. “न बघता पास देतो पोरगा! देणगी आहे.” देणगी होती, नाही असं नाही. पण देणगी घेणारा कुणी लागतो की नाही?

राज्याच्या संघाची निवड चाचणी बंदिस्त हॉलमध्ये ठेवली होती. हे मी कुणाला सांगितलं तर लोक हसतील, पण माझ्या आयुष्याचं जे काही झालं ते एका छपरामुळे झालं. हॉलमध्ये ऊन नव्हतं. चकचकीत लाकडी जमीन, पांढरे दिवे, आणि पुष्करचे डोळे टक्क उघडे. उघड्या डोळ्यांना त्याला रिंगखालचे उंच लोक दिसत होते, उजवीकडचा नागपूरचा मुलगा दिसत होता, सगळं मैदान तळहातासारखं दिसत होतं. त्यानं सगळ्यांना एकाहून एक पास दिले. मी डाव्या कोपऱ्यात धावत होतो, उभा राहत होतो, हात तयार ठेवत होतो, परत फिरत होतो. पुन्हा धावत होतो. निवड समितीतल्या एका गृहस्थांनी शेजाऱ्याला विचारलं, “हा कोपऱ्यातला मुलगा सारखा पळतोय कशाला?” मला ते ऐकू आलं. पुष्करलाही आलं असणार असं मी कित्येक वर्षं धरून चाललो होतो. संध्याकाळी यादी लागली, त्यात तो होता. परतीच्या बसमध्ये तो मला म्हणाला, “पुढच्या वर्षी तुझं नक्की.” त्याला माझ्यासाठी वाईट वाटत होतं, आणि ते खरं होतं, आणि त्या खरेपणाचाच मला संताप आला. वाईट माणसाचा मत्सर करण्यात एक सोय असते. चांगल्या माणसाचा मत्सर करणं म्हणजे चप्पल न घालता डांबरावरून चालणं.

पुढे तो महाराष्ट्राकडून खेळला, मग देशाकडून. मी टेस्टिंगमध्ये लागलो. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या, हे माझं काम. ते मला चांगलं जमतं. दोन वर्षांपूर्वी पुष्कर संघाचा उपकर्णधार झाला तेव्हा आमच्या चौकात फ्लेक्स लागला. ‘विश्रांतवाडीच्या सुपुत्राचे हार्दिक अभिनंदन’, वर नेत्यांचे फोटो, खाली शुभेच्छुकांची रांग, आणि मध्ये पुष्कर. फोटो जुना होता, मंडळाच्या एका विजेत्या संघाच्या फोटोतून कापून काढलेला. कापणाऱ्यानं घाई केली होती. पुष्करच्या डाव्या खांद्यावर चार बोटं राहून गेली होती. मनगट नाही, हात नाही, नुसती चार बोटं. ती माझी. जवळजवळ महिनाभर मी रोज सकाळी त्या सिग्नलला थांबून स्वतःची चार बोटं बघत होतो. स्वरालीला एकदा दाखवली. ती म्हणाली, “नखं वाढलेली दिसतायत.” मला हसू आलं आणि मग ऑफिसला पोचेपर्यंत रडू येत राहिलं, हेल्मेटच्या आत, म्हणजे कुणाला दिसायचं कारण नव्हतं.

जेवण झाल्यावर जागेवर येऊन बसलो तोच फोन वाजला. श्रीधर सर. शाळेतून निवृत्त झाले तरी अजून रोज मैदानावर जातात. आवाज थोडा कापरा झाला आहे, पण उपचार म्हणून कसा आहेस वगैरे विचारायची सवय तेव्हाही नव्हती, आताही नाही. “आमोद, तू ते पाहिलंस का?”

“पाहिलं सर.”

“मी सकाळपासून बघतोय. मोतीबिंदूच्या डोळ्यांना त्या फोनमध्ये काय दिसणार? पण माझ्या पोरानं असा पास दिला यावर माझा विश्वास बसत नाही. पहाटेच्या विमानानं आलाय तो घरी. उद्या निवड समितीसमोर बोलावलंय. त्यांनी विचारलंय, तो पास कुणासाठी होता? उत्तर नसेल तर पुढच्या दौऱ्याला घेणार नाहीत. घेणार नाहीत म्हणजे, त्याचं वय बघता, संपलंच.” मागे प्रेशर कुकरची शिट्टी झाली. “तू त्याच्याबरोबर सर्वांत जास्त खेळलास. तुला काही कळतं का?”

मला कळत होतं. एक वाक्य होतं. सर, तो पास माझ्यासाठी होता, दिवाळीनंतरचं ऊन आठवा. बास. ते वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं आणि त्याची चवही मला लागत होती. समोरच्या पडद्यावर कुठल्यातरी बँकेचा प्रोग्रॅम उघडा होता, त्यात एक बटण दाबलं की पुढे काहीच घडत नव्हतं, आणि ते का घडत नाही हे मला शोधायचं होतं. मी म्हणालो, “नाही सर. मलाही काही कळलं नाही.”

“हं,” सर म्हणाले. “संध्याकाळी मैदानावर बोलावलंय त्याला. पोरांना सुट्टी दिलीय आज. जमलं तर ये.” आणि फोन ठेवला.

दुपारभर मी काम केलं नाही. क्लिप पुन्हा पुन्हा पाहिली, आवाज बंद करून, आणि दर वेळी त्या मान वळवण्यापाशी माझ्या पोटात काहीतरी गोड हललं. हे नीट सांगायला हवं. जगातल्या एवढ्या माणसांनी तो रिकामा कोपरा पाहिला होता आणि त्यातल्या एकालाच त्यात माणूस दिसत होता. शेवटच्या क्षणी, सगळं हातातून निसटत असताना, अमेरिका नाही, सात फूट नाही, पुष्करचा हात माझ्याकडे वळला होता. त्याला मी हवा होतो. आणि मी नव्हतो, म्हणून तो हरला. कुणाचं तरी आपल्यावाचून अडलं, यासारखं सुख नाही. इतकी वर्षं ते मला कुणी दिलं नव्हतं. ते मला एकट्यालाच हवं होतं. सरांना सांगितलं असतं तर ते वाटून घ्यावं लागलं असतं, उद्या समितीला कळलं असतं, पुष्कर सुटला असता आणि पुन्हा फ्लेक्स लागला असता. मला पडलेला पुष्कर एकदा जवळून बघायचा होता. म्हणून मी लवकर निघालो. चंदननगरच्या सिग्नलला गाड्यांचा नेहमीचा खोळंबा होता, विमाननगरच्या पुढे एका पाण्याच्या टँकरमागे अडकलो, आणि टिंगरेनगरच्या वळणावर सूर्य समोर आला. हेल्मेटची काच खाली केली तरी डोळ्यांत पाणी आलं. मी मान उजवीकडे केली. मग माझं मलाच हसू आलं.

मैदानाच्या उत्तरेला नवे टॉवर उठले आहेत, कोर्टाला निळा रंग दिलाय, पण पश्चिम तशीच आहे, सताड उघडी. सर कट्ट्यावर मफलर गुंडाळून, सूर्याकडे पाठ करून. पुष्कर मध्यरेषेजवळ जमिनीवर बसून बुटाच्या नाड्या सोडत आणि पुन्हा बांधत होता. मला बघून उठला, दोन ढांगांत आला आणि मिठी मारली. वेदनाशामक मलमाचा वास. तो वाकला की अजूनही माझी हनुवटी त्याच्या खांद्यावर बसते, बरोबर जिथे ती चार बोटं होती.

“जाड झालास,” तो म्हणाला.

“बसून काम असतं. तू कसा आहेस?”

“तूही बघितलंस ना?”

“माझ्या ऑफिसातल्या सगळ्यांनी बघितलं. कँटीनवाल्यानंही बघितलं.”

तो हसला नाही. एरवी हसला असता. जवळून पाहिलं तर त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं, कानशिलाजवळ पांढरे केस होते, आणि तो माझ्याकडे बघायचं टाळत होता. हेच बघायला मी आलो होतो. ते दिसल्यावर मात्र त्याचं काय करायचं हे मला सुचेना.

“खरं सांगू, आमोद?” तो म्हणाला. सरांनी ऐकू नये म्हणून हळू, पण सरांचे कान डोळ्यांपेक्षा चांगले आहेत. “मला माहीत नाही रे कुणाला दिला. तो समोर दिसत होता. हात वर करून उभा. त्याला दिला असता तर संपलं होतं, जिंकलो होतो. आणि मी नाही दिला. झोपच नाही लागली. ते म्हणतात, मी त्याच्यावर जळतो. मी म्हटलं, छे. तो चांगला मुलगा आहे, माझ्या खोलीत असतो, त्याच्या आईचे लाडू खाल्लेत मी. पण मग दुसरं कारण काय? कारण असायलाच पाहिजे ना? म्हणजे आत कुठेतरी मी जळतच असणार. मला न कळता. माणसाला स्वतःचं कुठे कळतं?” त्यानं नाडीची गाठ घट्ट ओढली. “उद्या तेच सांगणार आहे. माझ्या मनात त्याच्याविषयी वाईट होतं, माझ्यामुळे हरलो. त्याची माफी मागतो आणि बाजूला होतो.”

सर कट्ट्यावर मफलरचं टोक हातात घेऊन पिळत बसले. आता मला काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्यात मी आयुष्यभर तरबेज. वाईट वाटून घेतल्याचा चेहरा करायचा, त्याच्या पाठीवर थोपटायचं आणि घरी जायचं. उद्या पुष्कर आपल्या हातानं आपलं नाव पुसून टाकणार होता. मी वाट बघितली, गोड वाटायची. वाटेना. उलट छातीत कसली तरी आग चढत गेली आणि ती कशाची हे कळायला मला क्षणभर लागला. हा माणूस सगळं घेऊन गेला होता. यादी, गणवेश, विमानं, फ्लेक्स. इतक्या वर्षांत माझ्याकडे एकच गोष्ट होती जी त्याच्याकडे नव्हती. ती मी रोज खाऊपिऊ घालून वाढवली होती, रोज सिग्नलवर तिच्याकडे बघत बसलो होतो. आणि आता तो मत्सरही आपला म्हणून उद्या समितीसमोर मांडणार होता. फुकटात. एक दिवसही न जळता!

“तुला नाही जमणार ते,” मी म्हणालो. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला.

“काय?”

“जळणं. तुझं कामच नाही ते. जळणारा माणूस डोळे मिटतो का कधी? तो बघत असतो. ज्याच्यावर जळतो त्याच्यावरून नजर काढत नाही. जेवताना, झोपताना, गाडी चालवताना बघत असतो. तू मान फिरवलीस, पुष्क्या. तू डोळे मिटलेस. क्लिप नीट बघ. तुझ्या डोळ्यांत ऊन गेलं होतं.”

“हॉलमध्ये कसलं ऊन?”

“इथलं,” मी पश्चिमेकडे हात केला. “तू डाव्या कोपऱ्यात पास दिलास. मला दिलास.”

तो माझ्याकडे बघत राहिला. मग कोपऱ्याकडे बघायला गेला, पण सूर्य तिथेच होता, त्यामुळे त्याची मान आपोआप वळली. मी वाट बघत होतो. आता त्याला आठवेल. आता त्याचा चेहरा बदलेल, तो म्हणेल, अरे हो, आमोद, तू! त्याच्या कपाळावर आठी पडली, खरोखर आठवण्याची.

“तिथे अवधूत असायचा ना?” तो म्हणाला.

मैदानापलीकडे कुठेतरी स्कूटरचा हॉर्न वाजत राहिला. अवधूत! त्याचं आता धानोरी रस्त्याला मोबाइलचं दुकान आहे. सर खाकरले. “अवधूत एक हिवाळा होता फक्त,” ते म्हणाले. “आमोदचा घोटा मुरगळला होता तेव्हा. बाकी सगळे हिवाळे आमोदच.”

“हो का?” पुष्कर म्हणाला. त्यात लबाडी नव्हती, लाज नव्हती. नळाला पाणी कुठून येतं ते कुणी सांगावं आणि आपण हो का म्हणावं, तसं तो म्हणाला. “खरं सांगतो, मी कधी बघितलंच नाही रे तिकडे. ऊन असायचं ना. मला एवढंच माहीत होतं, तिथे टाकला की कुणीतरी असतं.”

कुणीतरी. त्या हॉलमधल्या गृहस्थांचं वाक्य त्यानं ऐकलं असणार, असं धरून मी वर्षं घालवली होती. त्यानं ऐकलं नव्हतं. त्यानं मला गाळलं नव्हतं, टाळलं नव्हतं, विसरलाही नव्हता. विसरायला आधी दिसावं लागतं. दुपारी ज्या सुखाला मी एकट्यानं मिठी मारून बसलो होतो, ते पाहता पाहता रिकामं झालं. शेवटच्या क्षणी त्याचा हात माझ्याकडे वळला नव्हता, कोपऱ्याकडे वळला होता. आणि त्या निळ्या गणवेशातल्या बाराच्या बारा जणांना हेच वाटत असणार, की कुठेही टाकला तरी कुणीतरी असतं. म्हणून तिथे कुणी नव्हतं.

“चेंडू घे,” मी म्हणालो.

“आत्ता?”

“घे. मध्यरेषेपासून ये. तिकडच्या रिंगवर. एका गुणानं मागे आहोत, शेवटचे क्षण आहेत. सर, तुम्ही जरा इकडे मध्यरेषेवर या आणि सूर्याकडे तोंड करून बघा.”

सर कट्ट्यावरून उठून मध्यरेषेवर आले. पुष्करनं चेंडू उचलला, एकदा आपटला, दोनदा आपटला, आणि निघाला. तो चेंडू घेऊन निघाला की अजूनही बघत राहावंसं वाटतं, हे मला मान्य करायलाच हवं. खांदे सैल, पाय हलके, सगळी जमीन त्याच्याकडे येत असल्यासारखी. मीही त्याच्या डाव्या बाजूनं निघालो, सवयीनं. डावा पाय पुढे गेला. पूर्ण शरीराला माहीत होतं कुठे जायचं ते. आणि मग मी तो पाय थांबवला. पोटरीत कळ गेली, पण थांबला. पुष्कर पुढे गेला. सूर्य रिंगच्या डाव्या खांद्यावर होता. त्याची मान उजवीकडे वळली, डोळे बारीक झाले, आणि हातातून चेंडू सुटला. तोच पास. तसाच, कमरेच्या उंचीचा, झेलायला इतका सोपा की लहान पोरानंही झेलावा. तो उन्हातून सरळ कोपऱ्यात गेला, रेषा ओलांडली, पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर आपटला आणि टप्पे घेत घेत शांत झाला.

मध्यरेषेवर सर उभे होते. त्यांनी भुवयांवर हात धरला, सूर्याकडे बघितलं, मग पुष्करकडे, मग पुन्हा सूर्याकडे. “अरेच्चा,” ते म्हणाले. “हे असं होतं होय!” उद्या समितीला काय सांगायचं ते त्यांना मिळालं होतं. माझं काम झालं होतं.

पुष्कर मात्र तिथेच उभा होता. चेंडू कुणी परत दिला नाही, जाळी हलली नाही, हे त्याच्या हळूहळू लक्षात येत असावं. त्यानं मान वळवली. उजवा तळहात कपाळावर आडवा धरला आणि सरळ उन्हात, डाव्या कोपऱ्यात बघायला लागला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी त्यानं मान फिरवली नाही.

“आमोद?” तो म्हणाला. एक पाऊल पुढे गेला, मान उंच केली. “आमोद, कुठे आहेस?”

मी त्याच्या मागेच उभा होतो. ओ द्यायला हवी होती. पण तो बघत होता, म्हणून मी आणखी थोडा वेळ गप्प राहिलो.